दोन लाख कुठं घालायचे? आधी ऑर्डरची वही उघडा

कोल्हापुरात कळंबा रोडला सहा वर्षांपासून स्टुडिओ चालवणाऱ्या एका तरुण मित्रानं विचारलंय: लग्नं, साखरपुडे, बारशी धरून वर्षाला तीसेक कामं होतात. सरासरी पॅकेज ६०,००० रुपयांचं. या सिझननंतर दोन लाख रुपये हातात राहिलेत. नवी मिररलेस बॉडी (आत आरसा नसलेला, लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यावी, मुंबईच्या एका नावाजलेल्या फोटोग्राफरची ३५,००० रुपयांची तीन दिवसांची कार्यशाळा करावी, की पैसे जाहिरातीत घालावेत? पुढं जायचंय, पण कुठं घातलेला पैसा परत येतो तेच कळत नाही.

मी १९९८ पासून या धंद्यात आहे. सुरुवात महाद्वार रोडवरच्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये झाली, आता शाहूपुरीत स्वतःचा स्टुडिओ आहे. तुमच्यासारखाच प्रश्न मलाही दोन-तीन वेळा पडला आणि त्यातल्या एका वेळी मी चुकीच्या ठिकाणी पैसे घातले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिन्ही पर्याय दोन दिवस बाजूला ठेवा. ऑर्डरची वही काढा, गेल्या सिझनमधलं एक साधं, नेहमीसारखं लग्न निवडा आणि त्याचा शेवटपर्यंत हिशोब मांडा. साधारण आकडे धरून दाखवतो, तुमचे तुम्ही घाला. पॅकेज ६०,०००. कँडिडला, म्हणजे न सांगता टिपायच्या फोटोंना, सोबत घेतलेल्या मित्राचे दोन दिवसांचे १०,०००, व्हिडिओवाल्याचे १०,०००, व्हिडिओ एडिटिंग ८,०००, अल्बम १०,०००, गाडी आणि वरखर्च २,०००. चाळीस गेले, वीस राहिले. आता दिवस मोजा. हळद आणि लग्न असे शूटिंगचे दोन. मग फोटो उतरवून घेणं, ३,५०० फोटोंमधून निवड, रंग सारखे करणं, अल्बमचं डिझाइन, पार्टीनं सांगितलेले बदल, लॅबला दोन फेऱ्या. माझ्या ओळखीतल्या बहुतेक पोरांचे यात नऊ-दहा दिवस जातात. नऊ धरले तरी एकूण अकरा दिवस झाले. वीस हजाराला अकरानं भागा, दिवसाला १,८०० रुपये येतात. त्यातून दुकानाचं भाडं, लाइटबिल आणि हप्ता अजून जायचाय.

हा हिशोब पहिल्यांदा मांडला तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. पण त्याच कागदावर पुढची वाट दिसते. त्या अकरा दिवसांतले सगळ्यात जास्त दिवस कुठं गेले ते बघा. ते ज्या कारणानं गेले, ते कारण घालवणारी विद्या शिका. पहिला पैसा तिथं.

लग्नाचं काम करणाऱ्या बहुतेकांचे दिवस जातात कॉम्प्युटरसमोर रंग दुरुस्त करण्यात. तुमचंही तसंच असेल असं धरून पुढं सांगतो.

आपल्याकडचं मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. मांडवाचं छत पिवळ्या कापडाचं. स्टेजच्या मागं एलईडी वॉल, तिच्यावर जांभळी फुलं फिरतायत. व्हिडिओवाल्याचा लाइट एका बाजूनं, आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीतनं दुपारचं ऊन. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या एका चेहऱ्यावर चार रंग असतात. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे उजेडाप्रमाणं फोटोचा रंग आपला आपण जुळवण्यावर, असेल तर तो प्रत्येक फ्रेमला वेगळा निर्णय घेतो. त्यात आपण सवयीनं फ्लॅश वर छताकडं वळवतो. छत पिवळं असलं की परत येणारा उजेडही पिवळाच येतो. मग ३,५०० फोटोंपैकी प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि आपण रात्री दोन-दोनपर्यंत एकेकाचा चेहरा माणसाच्या रंगावर आणत बसतो.

हे सगळं जागेवरच सुटतं. एक फ्लॅश छत्री लावून स्टँडवर बाजूला उभा करायचा, म्हणजे छताशी संबंधच राहत नाही. फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून त्याचा रंग हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांच्या जवळ न्यायचा आणि व्हाइट बॅलन्स हातानं ३,२०० ते ४,००० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) दरम्यान पक्का करायचा. फ्लॅशचं अंतर बदललं तर उजेड किती बदलतो हे हातात बसलं पाहिजे: चार फुटांवरची छत्री आठ फुटांवर नेली की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). हे एकदा अंगात भिनलं की शंभर फोटोंचा एक गठ्ठा एकाच सेटिंगनं दुरुस्त होतो. माझे रंगाचे चार दिवस दीड दिवसावर आले ते सॉफ्टवेअर बदलून आले नाहीत, फ्लॅश नीट वापरायला शिकल्यावर आले.

नव्या बॉडीबद्दलही इथंच सांगून टाकतो. मिररलेसचा आवाज होत नाही म्हणून मंडळी सायलेंट शटर (पडदा न हलता फोटो घेणारं) लावतात आणि एलईडी वॉलसमोर फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. मेकॅनिकल, म्हणजे पडदा हलणारं, शटर आणि १/५० किंवा १/१०० सेकंद हा त्यावरचा पहिला उपाय. दीड लाखाची बॉडी घेतली आणि हे ठाऊक नसलं तर जुन्या कॅमेऱ्यात कधी न आलेले पट्टे नव्यात येतील.

माझी चूक अशीच होती. २०११ साली मी कर्ज काढून सव्वा लाखाची बॉडी घेतली. त्याच महिन्यात हुपरीच्या एका चांदी व्यापाऱ्याचं कॅटलॉगचं काम आलं. पैंजण, जोडवी, करंडे, ताम्हण, पेले असे ४२ नग. मी दोन सॉफ्टबॉक्स (कापडी पेटीतले मऊ उजेडाचे लाइट) समोर लावले, नवा कॅमेरा उभा केला आणि दिवसभरात सगळं संपवलं. व्यापाऱ्यानं फोटो बघितले आणि एवढंच म्हणाला, "माल नवा आहे, फोटोत जुना दिसतोय." खरं होतं त्याचं. प्रत्येक पेल्यात माझ्या स्टुडिओची काळपट भिंत होती, आणि मधोमध मी आणि माझा लाल शर्ट. चांदी समोर जे असेल ते दाखवते, एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. पैसे मिळाले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत.

त्यानंतर कॅटलॉगचं काम करून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठांकडं सलग सहा रविवार जाऊन बसलो. त्यांनी पहिल्या रविवारी कॅमेऱ्याला हातच लावू दिला नाही. चांदीचा एक पेला टेबलावर ठेवला, त्याच्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू केला, पुढं फक्त लेन्सपुरतं भोक. लाइट कागदाच्या बाहेरून. पेला एकदम दुधासारखा पांढरा झाला, पण कडा पार हरवल्या. मग त्यांनी काळ्या कार्डशीटच्या बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापून तंबूच्या आत, पेल्याच्या दोन्ही अंगाला उभ्या केल्या. पेल्याच्या दोन्ही कडांवर बारीक काळी रेघ उठली आणि त्याला गोलाई आली. पट्टी अर्धा इंच पुढं सरकवली की रेघ जाड, मागं घेतली की बारीक. सामानाचा खर्च दोनशे रुपयांच्या आतला. मी त्यांना सहा रविवारांचे मिळून १२,००० रुपये दिले. ते नको म्हणत होते, मी आग्रहानं दिले. या धंद्यात मी खर्च केलेले सगळ्यात कामाचे पैसे तेच.

कारण त्या टेबलामुळं माझे बिनलग्नाचे महिने भरले. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडं मुहूर्त नसतात आणि लग्नावरच बसलेला स्टुडिओ चार महिने बारसं आणि पासपोर्ट फोटोवर काढतो. पण नेमक्या त्याच काळात दिवाळीसाठी हुपरीच्या चांदीचं कॅटलॉग लागतं, गुजरीतल्या सराफांना साज आणि ठुशीचे फोटो लागतात, चपलांच्या दुकानांना ऑनलाइन विक्रीसाठी फोटो लागतात. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, फोटो बाहेरच्या गिऱ्हाइकाला पाठवायचे असतात. कास्टिंगची गंमत चांदीच्या बरोबर उलट. बिडाचा रंग मुळातच काळपट, समोरून लाइट मारला की नुसता दगड दिसतो. बाजूनं, जवळजवळ जमिनीलगत लाइट सोडला की मशिनिंग केलेला भाग चकाकतो आणि खरखरीत भाग वेगळा कळतो. इंजिनिअरला तेच बघायचं असतं. कोल्हापुरात हे काम पडलेलं आहे. करणारी माणसं मोजकी आहेत.

आता त्या ३५,००० च्या कार्यशाळेबद्दल. शिकण्यावर पैसे घाला, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. पण पैसे भरण्याआधी तिथं फोन करून विचारा: एका वेळी किती जण असतात? मी स्वतः लाइट लावणार, की त्यांनी लावलेल्या लाइटमध्ये फक्त बटण दाबणार? माझे आधीचे फोटो कुणी बघणार का? चाळीस जण एका मॉडेलभोवती उभे राहून तोच फोटो काढत असतील तर घरी येताना पोर्टफोलिओला दहा सुंदर फोटो मिळतील आणि पुढच्या लग्नात त्यातला एकही जमणार नाही. असे फोटो दाखवून ऑर्डर घेणं मला प्रामाणिकपणाचंही वाटत नाही. आठ-दहा जणांचा वर्ग असेल, आणि शिकवणारा तुमच्या हातात फ्लॅश देऊन "आता तू लाव" म्हणत असेल, तर ३५,००० जरूर द्या.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे तुमच्यापेक्षा दुप्पट दर घेणाऱ्या एखाद्या फोटोग्राफरकडं चार लग्नांना हेल्पर म्हणून जाणं. पुण्याचा असला तरी चालेल, आपल्या गावातली ऑर्डर तोडायला आलाय असं त्याला वाटणार नाही. स्टँड उचला, छत्री धरा आणि तो पार्टीशी कसा बोलतो ते ऐका. घरच्यांना फोटोसाठी उभं करताना तो आधी आजीला खुर्ची देतो का, मामाला नावानं हाक मारतो का, उशीर झाला तरी भटजींशी कसं जुळवून घेतो, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत आणि दर त्यावरही ठरतो. सहा वर्षं मालक राहिल्यावर परत हेल्पर व्हायला जड जातं, मला कल्पना आहे. तरी जा.

आणि फुकटची शाळा आपल्या गावातच आहे. भाऊसिंगजी रोडवरच्या टाऊन हॉल संग्रहालयात कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची कामं आहेत, आबालाल रहिमानांचीही. राजारामपुरीत चित्रकार-नट चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. मोबाइल खिशात ठेवून एका चित्रासमोर अर्धा तास उभे राहा. उजेड कुठून येतोय, सावलीची कड मऊ आहे की धारदार, सगळ्यात उजळ ठिकाण कुठलं, हे वहीत काढा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या गावातल्या फोटोग्राफरनं असं बघायला शिकायला हवं. बाबूराव आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. उजेडाची जाण त्यांच्याकडं कॅमेऱ्याच्या आधीपासून होती. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून जाताना मला दर वेळी हेच आठवतं.

बॉडी कधी घ्यावी? तुमच्या आताच्या कॅमेऱ्यात एकच मेमरी कार्ड बसत असेल तर बदला, आणि लवकर बदला. लग्न परत होत नाही, आणि कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरणारी जुनी, वापरलेली बॉडीसुद्धा चालेल. दोन कार्डांची सोय आधीच असेल तर पुढचा सिझन त्याच कॅमेऱ्यावर काढा. हवी ती बॉडी दोन लग्नांना भाड्यानं आणून बघा. तिच्यामुळं तुमच्या अकरा दिवसांतला एक दिवस तरी वाचला का, ते वहीत लिहा आणि मग ठरवा.

यानंतरचा खर्च मात्र कुणाला न विचारता करा, तो म्हणजे फोटो सांभाळण्याचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचं पाणी शाहूपुरीत शिरलं. कॅमेरे आणि लेन्स आम्ही वेळेत वर नेल्या. हार्ड डिस्क खालच्या कपाटात होत्या, त्यांची आठवण कुणालाच झाली नाही. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर आत चिखल. सात वर्षांची लग्नं त्यात होती. त्यातल्या एका ताईंचे वडील लग्नानंतर वर्षभरात गेले होते आणि त्यांना बाबांबरोबरचे सगळे मूळ फोटो हवे होते. माझ्याकडं अल्बममध्ये घेतलेले तीनच निघाले. त्यांच्यासमोर उभं राहून ते सांगणं मला अजून विसरता येत नाही. तेव्हापासून प्रत्येक कामाच्या तीन प्रती असतात: एक कॉम्प्युटरवर, एक डिस्कवर, आणि एक राजारामपुरीत, उंचावर, बहिणीच्या घरी. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा एकही फोटो गेला नाही. मोठ्या दोन डिस्कला वीस-पंचवीस हजार लागतील. आधी हे घ्या, बाकीचं नंतर.

कागदपत्रांचं शिक्षणही यातच धरतो, जरी त्याला कुणी प्रगती म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या फोटोंवर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. बहुतेक फोटोग्राफरना याच्या नेमकं उलट वाटतं. नवरीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा किंवा दुकानाच्या बोर्डावर लावायचा, तर बयाणा घेतानाच एका पानावर लेखी संमती घ्या. त्याच पानावर अल्बममध्ये किती वेळा बदल करून मिळतील तेही लिहा. दोन, पुढच्या बदलाला पैसे. या एका ओळीनं माझे वर्षाचे कितीतरी दिवस वाचले.

आणि जीएसटी. सेवांसाठी वर्षाला २० लाखांची उलाढाल ओलांडली की नोंदणी लागते आणि फोटोग्राफीवर १८ टक्के कर आहे. ही मर्यादा नफ्यावर नसते, जमा होणाऱ्या सगळ्या रकमेवर असते. लॅबला आणि व्हिडिओवाल्याला तुमच्या हातून जाणारे पैसेही त्यात आले. साठ हजारांची तीस कामं म्हणजे १८ लाख. तुम्ही काठावर आहात. पुढच्या वर्षी दर वाढवलात की पलीकडं जाल. चांगल्या सीएकडं आत्ताच दोन तास बसा. नवं कोटेशन कर धरून कसं द्यायचं ते सिझनच्या आधी ठरलं पाहिजे.

ड्रोनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दोन लाख हातात असले की ते डोक्यात येतंच. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्यानं कुठं उडवता येतो तो नकाशा बघावा लागतो. प्रमाणपत्र काढणार असाल तर घ्या, नाहीतर भाड्यानं प्रमाणित माणूस बोलवा.

जाहिरातीत सध्या काही घालू नका. दिवसाला १,८०० सुटणारं काम दुप्पट आलं तर फक्त रात्रीची झोप निम्मी होईल.

तर तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. दोन वापरलेले फ्लॅश, ट्रिगर (कॅमेऱ्यावरून दूरचा फ्लॅश उडवणारा), छत्री, स्टँड आणि जेल यांना २५,०००. हार्ड डिस्कला २५,०००. शिकण्यावर ३५,००० पर्यंत, वर सांगितलेली चौकशी करून. सीए आणि कराराच्या कागदाला १०,०००. राहिलेल्या एक लाख पाच हजारांना हात लावायचा नाही. चातुर्मास दर वर्षी येतो, त्याची तयारी आपण करतो. अधिक मास मात्र अचानक आल्यासारखा वाटतो. २०२३ चा अधिक श्रावण चातुर्मासातच गेला म्हणून कुणाला जाणवला नाही. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईतला महिनाभर मुहूर्त नाही. त्या महिन्याचं भाडं आणि हप्ता बाजूला असेल तर तुम्ही घाबरून पडत्या दरात कामं घेणार नाही, आणि तो महिना टेबलावर शिकण्यात घालवता येईल.

लाइटचं काम बघायचं असेल तर आषाढ लागल्यावर या. संध्याकाळी सातनंतर मी स्टुडिओतच असतो. टेबल आहे, ट्रेसिंग पेपर आहे. येताना घरातला चांदीचा पेला आणि गेल्या सिझनची ऑर्डरची वही तेवढी घेऊन या.